उरलेल्या लाकडाचा कमठा

धनुष्यबाण म्हटलं की हल्ली आपल्याला आधी निवडणूक आयोग आठवतो. ऑक्टोबर 2022 मध्ये चिन्ह गोठवलं, 17 फेब्रुवारी 2023 ला निकाल दिला, मग सगळं कोर्टात गेलं. धनुष्यबाण कोणाचा, यावर टपरीपासून चॅनेलपर्यंत आपण सगळे भांडलो. मला आज वेगळाच प्रश्न मांडायचा आहे, तो जुना आहे आणि आपल्या पेण-रोह्याच्या डोंगरपट्टीत गेली दीडशे वर्षं तसाच पडून आहे. धनुष्य ज्या लाकडाचं होतं, ते लाकूड कोणाचं?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

सुरुवात शब्दापासून करू. आपल्याकडच्या वाड्यांवर 'धनुष्य' कोणी म्हणत नाही. धनुष्य रामाचं, पुस्तकातलं. 'कमान' फारसीतून आली, बखरींतून लढली आणि शेवटी दरवाजावर जाऊन बसली. वाडीवरचा शब्द कमठा. बाणासकट तीरकमठा, कोणी तिरकामठा म्हणतं. एकोणिसाव्या शतकातल्या मोल्सवर्थच्या मराठी कोशात हा शब्द आहे आणि अर्थ देताना तिथे बांबूचा उल्लेख आहे. म्हणजे कमठा हा राजाच्या शस्त्रागारातला नव्हे, बेटातल्या बांबूचा. घरात करायचा, मोडला की चुलीत घालायचा आणि दुसरा करायचा.

त्याचं लाकूडही इथलंच. कळक, मेस, चिवा हे बांबू तर आहेतच, पण सह्याद्रीच्या उतारावर धामण नावाचं झाड आहे, ते जाणत्या माणसाला विचारा. लवचिक आणि चिवट. कावडीचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, वल्हं, जिथे लाकडाने वाकून पुन्हा सरळ व्हायचं असतं तिथे धामण. संस्कृतात तिचं नाव धन्वन, आणि 'धन्वन्' म्हणजे धनुष्य. ज्या झाडाच्या नावातच धनुष्य आहे ते झाड आपल्या डोंगरात उभं आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांना ते ओळखता येत नाही.

ज्यांना येत होतं ते कातकरी आणि ठाकूर. कातकऱ्यांचं नावच लाकडावरून पडलं. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, काढा आटवायचा, त्याचा कात करायचा. विड्यातला कात. तो करणारे ते कातोडी, कातकरी. एका मोसमाला कात, बाकी वेळ जंगलातले कंद, नदी-ओढ्यातले मासे, आणि कमठ्यावर मारलेलं लहानसहान जनावर. 1882 च्या ठाणे गॅझेटियरात नोंद आहे की, रावणावरच्या स्वारीत रामाने ज्या वानरांना सोबत घेतलं त्यांचे आम्ही वंशज, असं हे लोक सांगत. रामाचं धनुष्य देवळात पूजलं गेलं. रामाच्या सैन्याच्या कमठ्याचं पुढे काय झालं ते बघा.

1878 साल. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय. त्या वर्षी झालेल्या कायद्यांपैकी तीन ध्यानात ठेवा: क्रमांक सात, नऊ आणि अकरा. नववा आपल्याला शाळेत शिकवतात, देशी भाषेतल्या वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा. सातवा होता वन कायदा आणि अकरावा शस्त्र कायदा. या दोघांवर आपल्या पुस्तकात दोन ओळींपेक्षा जास्त काही नसतं, पण डोंगरावर येऊन पोचले ते हेच दोघे.

वन कायद्याने जंगलाचे वर्ग पाडले. राखीव जंगलात परवानगी असेल तेवढंच करायचं, बाकी सगळं बंद. संरक्षित जंगलात मनाई नसेल ते करता येईल. आणि शस्त्र कायद्याने 'शस्त्र' कशाला म्हणायचं त्याची यादी केली. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, तोफा. आणि त्याच यादीत धनुष्यबाण. तोफेच्या आणि कातकऱ्याच्या कमठ्याच्या मध्ये कायद्याने फक्त एक स्वल्पविराम ठेवला, असं मी गमतीने म्हणतो. कायद्यातला शब्द आणि वाडीवरचं जगणं यांत अंतर असतं, हे मान्य. तरी एकाच वर्षात लाकूड सरकारी झालं आणि त्याची वस्तू शस्त्र ठरली, हा योगायोग साधा नाही.

आता गंमत अशी की आपल्या भागातला मोठा झगडा सागाच्या ओंडक्यांवरून पेटला नाही. तो पेटला काटक्यांवरून.

भातशेती करणाऱ्याला राब माहीत आहे. पेरणीआधी वाफ्यावर टहाळ, पाला, शेण पसरून जाळायचं, मग त्या राखेत रोप धरतं. त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात. झाड तोडायचं नाही, टहाळ काढायचा. राखीव जंगल आलं आणि हा टहाळ गुन्हा झाला. ठाणे आणि कोलाबा या दोन जिल्ह्यांत (कोलाबा म्हणजे आपला आजचा रायगड, नाव 1981 मध्ये बदललं) ओरड इतकी वाढली की 1885 मध्ये सरकारला खास याच दोन जिल्ह्यांसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. 1887 ला अहवाल आला. एवढ्या मोठ्या साम्राज्याने दोन वर्षं आपल्या लोकांच्या फांद्यांचा हिशेब केला!

त्या हिशेबाने भांडण मिटलं नाही. 25 सप्टेंबर 1930 ला पेणच्या शेजारी, उरण भागात, चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर लोक कोयते घेऊन चढले ते जंगल सत्याग्रहासाठी. गोळीबार झाला. हुतात्म्यांच्या नावांत आगरी आहेत, कोळी आहेत, आणि एक नाव नाग्या महादू कातकरी. दरवर्षी 25 सप्टेंबरला आपण हार घालतो. पण नाग्या ज्या हक्कासाठी डोंगर चढला तो काय होता, हे भाषणात फारसं येत नाही. स्वातंत्र्य तर होतंच. त्याबरोबर पडलेली फांदी उचलायचा हक्क होता.

खैर हाताबाहेर गेल्यावर कात सुटला. कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेले, मग वीटभट्टीवर. दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात आणि पावसाच्या तोंडावर माणसं परत येतात, हे आपण दरवर्षी बघतो. ज्यांना लाकूड कळत होतं त्यांच्याकडून आपण लाकूड जाळून घेतलं. आज महाराष्ट्रात केंद्राच्या यादीप्रमाणे तीनच अतिअसुरक्षित आदिवासी जमाती आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. त्यातली कातकरी ही आपल्या दारातली.

आणि कमठा? तो आखूड झाला. जंगलातून लांब सरळ बांबू आणायचा म्हणजे धाक, म्हणून जे उरलंय त्यात भागवायचं. आमच्या बाजूच्या वाड्यांवर मी जे कमठे पाहिले ते जेमतेम चार फुटांचे, एका हाताच्या बोटांवर तोलता येतील इतके हलके. बांबू कुठला, तर गणपती-नवरात्रीच्या मांडवाचा, कंत्राटदाराने कापून टाकलेला तुकडा. एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, "बाबा, एवढा लहान कमठा पुरतो का?" ते म्हणाले, "दादा, जेवढा बांबू गावला तेवढा कमठा." इतिहासाची पुस्तकं वाचून मला जे कळलं त्याचा सारांश त्यांनी एका वाक्यात दिला.

पण याला नुसतं दारिद्र्य समजू नका. तुकड्यातून हलका कमठा करणं हे मोठं कसब आहे. त्यामागे हिशेब आहे, तो समजून घ्या.

लाकडाचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून कमठा करणारा जाडीला घाबरून हात लावतो. एक जास्तीचा हात फिरला की कमठा मऊ पडला. पहिलं तासकाम कोयतीने, नंतर कानस, आणि शेवटी फुटक्या काचेच्या धारेने खरवडायचं. काचेने इतका बारीक भुसा निघतो की रंध्यालाही ते जमत नाही.

दुसरी गोष्ट बाजूची. कमठा ओढला की बाहेरच्या अंगाला ताण येतो, आपल्याकडच्या अंगाला दाब. बांबूची चकचकीत साल ताण सोसते, म्हणून साल बाहेरच्या बाजूला ठेवायची आणि तिला धार लावायची नाही. आतला मऊ भाग आपल्याकडे, तासायचा तो तिथूनच. पेरावरची गाठ अगदी साफ केली तर तिथेच मोडतो, म्हणून ती थोडी फुगीर सोडायची.

तिसरी गोष्ट तुकड्यांची. लांब जाड कांब नसेल तर काय? ट्रकच्या चाकावरचे पाटे बघा. एक लांब, त्याखाली त्याहून आखूड, त्याखाली आणखी आखूड. तसंच करायचं. चार फुटांची एक कांब, तिला आतून अडीच फुटांची, मुठीपाशी दीड फुटाची, आणि सुतळीने घट्ट आवळायचं. मुठीकडे ताठ, टोकाकडे लवचिक, आणि वजन नाममात्र. यात खिळा नाही, डिंक नाही. सुतळी सैल झाली की पुन्हा बांधायची.

सुताराकडची फळकुटंही चालतात. सागाची सरळ रेषांची पट्टी, ऐनाची चीप, वाडीत पडलेल्या सुपारीच्या खोडाची बाहेरची कठीण फाड. रोह्याच्या धाटावकडे कारखान्यांच्या मालाबरोबर पाईनची खोकी येतात. ते लाकूड एकट्याने कुचकामी, गाठी असतात, तिथे मोडतं. पण गाठ नसलेली पट्टी निवडून तिच्या बाहेरच्या अंगाला बांबूची सालीची कांब चिकटवली आणि आवळली, तर मुलांपुरता कमठा होतो. दोन आखूड तुकडे असतील तर मुठीपाशी माशाच्या शेपटीसारखा सांधा करून जोडतात. मूठ वाकत नाही, म्हणून सांधा तिथे सुरक्षित.

मग सगळ्यात वेळ खाणारं काम: दोन्ही हात सारखे वाकवणं. दोरी सैल बांधून थोडंसं ओढायचं, लांबून बघायचं, जो भाग वाकत नाही तिथेच खरवडायचं. जो जास्त वाकतो त्याला हात लावायचा नाही. पुन्हा ओढायचं. दहा-बारा वर्षांच्या पोरासाठी पाच ते सात किलोचा ताण पुष्कळ. आणि एक नियम घरी मुलांना नक्की सांगा: बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडायची नाही. बाणाने न्यायची ती सगळी ताकद लाकडात परत जाते आणि चांगला कमठा तडकतो. बाणाला लोखंडी पातं नको, बाटलीचं रबरी बूच लावा. समोर माणूस, कुत्रा, पक्षी कोणी नको.

लहानपणी खराट्याचे हीर बाण म्हणून ज्यांनी मारलेत, त्यांना यातलं निम्मं कळतंच.

तुकड्यातून धनुष्य ही काही फक्त गरिबाची युक्ती नाही. जगभर चांगलं लाकूड संपलं की लोकांनी हेच केलं. इंग्लंडच्या प्रसिद्ध लांब धनुष्याला यू नावाच्या झाडाचं लाकूड लागायचं. ते इतकं टंचाईत आलं की 1472 मध्ये त्यांनी कायदा केला: बंदरात येणाऱ्या जहाजाने मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याच्या चार कांबी आणल्याच पाहिजेत. युरोपातली यूची राने त्यात रिकामी झाली. पुढे 1930 च्या सुमारास अमेरिकेत हिकमन आणि क्लॉपस्टेग या संशोधकांनी धनुष्य मोजून-मापून अभ्यासलं, आणि रुंद-चपट्या हातांचं धनुष्य चांगलं चालतं हे गणिताने दाखवलं. रुंद-चपटं म्हणजे काय, तर आपली बांबूची कांब! आज तिकडे वखारीतली साधी फळी आणून धनुष्य करणाऱ्यांचे मोठे गट आहेत. तो त्यांचा छंद आहे, त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. आपल्या वाडीवर तेच काम करणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो.

आणि खेळाचं म्हणाल तर लिंबा राम आठवा. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातला आदिवासी मुलगा, बांबूच्या धनुष्यावर वाढलेला. 1987 मध्ये क्रीडा प्राधिकरणाच्या निवड चाचणीत सापडला आणि 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये उभा होता. पुढे बार्सिलोना आणि अटलांटा. आपल्या महाराष्ट्रातही नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले. ती आधुनिक धनुष्यं लाखांच्या घरात जातात, वाडीवरच्या पोराच्या हातात ती पहिल्या दिवशी येणार नाहीत. पण आपल्या देशात 'इंडियन राऊंड' नावाचा प्रकार आहे, साध्या बांबू-लाकडाच्या धनुष्याचा. पहिली पायरी तीच आहे, आणि ती पायरी आपल्या वाड्यांवर तयार आहे.

आता कायद्याकडे परत येतो, कारण मुद्दा तिथेच आहे.

1927 च्या वन कायद्यात 'झाड' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. त्यात ताड-माड, बांबू, खुंट, झुडुपांच्या काटक्या आणि वेत हे सगळं 'झाड' धरलं. बांबू हे गवत आहे, हे शेतकऱ्याला कळत होतं, कायद्याला नाही. खुंट आणि काटक्या म्हणजे झाड गेल्यावर जे उरतं ते. उरलेलंसुद्धा सरकारचं!

2006 मध्ये वनहक्क कायदा आला. त्यात 'गौण वनोपज' याची व्याख्या वाचा: बांबू, काटक्या, खुंट, वेत, मध, मेण, लाख, कंद. जे शब्द 1927 ला 'झाड' होते तेच इथे लोकांच्या बाजूला आले. पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क, मालकीसह. पुढे 2017 च्या अखेरीस वटहुकूम काढून 1927 च्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्दच काढला, शेता-बांधावरचा बांबू मोकळा व्हावा म्हणून. राबासाठी जे भांडण 1885 ला सुरू झालं, ते कागदावर तरी लोकांनी जिंकलंय.

कागदावर. कारण रायगड जिल्ह्याचा एकही भाग पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा इथे लागू नाही. शेजारच्या पालघर-ठाण्याच्या अनुसूचित गावांत ग्रामसभेला जे बळ आहे ते आपल्या वाड्यांना नाही. इथे आधार एकच, वनहक्क कायद्याचा सामूहिक दावा. दावा लिहिताना लोक जमीन लिहितात, सरपण लिहितात. बांबू, काटक्या, खुंट हे शब्द लिहायचे राहून जातात.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. शिकार 1972 च्या कायद्याने बंद आहे आणि वनहक्क कायद्यानेही शिकारीचा हक्क दिलेला नाही. मी शिकारीची बाजू मांडत नाहीये. रान आधीच रिकामं झालंय. मी कसबाची बाजू मांडतोय. शिकार बंद झाली म्हणून लाकूड ओळखणारा हात बंद पडायला नको.

एकलव्याच्या नावाने केंद्र सरकार 1997-98 पासून आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवतंय. नोव्हेंबर 2023 पासून कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी पीएम-जनमन योजना आहे, घर, रस्ता, पाणी, वीज. हे हवंच. पण या पोरांच्या आज्याकडे जे आहे त्याला कुठल्याच योजनेत रकाना नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आणि तुमच्यासाठी एक काम.

पहिली: पेणला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. आश्रमशाळांत तिरंदाजी आणा आणि ती हातच्या कमठ्यांवर सुरू करा. महागडा संच येईपर्यंत थांबू नका.

दुसरी: कमठा करणारे म्हातारे बोलवा ते मानधन देऊन, शिक्षक म्हणून. सांस्कृतिक कार्यक्रमात डोक्याला पिसं लावून नाचवायला नको.

तिसरी: पेण, रोहा, सुधागड, कुठेही सामूहिक वनहक्काचा दावा लिहिताना बांबू, काटक्या आणि खुंट हे तीन शब्द नावानिशी लिहा. ग्रामसभेत जाणाऱ्या मंडळींनो, हे तुमच्या हातात आहे.

आणि काम? यंदा मांडव उतरला की कापलेल्या बांबूचे तुकडे शेकोटीत टाकू नका. चार फुटांवरचे, न चिरलेले तुकडे बाजूला काढा. सुतारकाम, वखार, गणपतीचे पाट करणारे, ज्यांच्याकडे सरळ रेषांची फळकुटं उरतात त्यांनी सुद्धा. जवळच्या वाडीवर नेऊन द्या आणि बाबांना विचारा, कमठा कसा करतात ते पोरांना दाखवाल का? सोबत आपलीही पोरं न्या. मोबाईल खिशात ठेवून बघू द्या एक तास, जाडी कुठे काढायची आणि कुठे सोडायची.

तुमच्या गावात कमठ्याला दुसरं नाव असेल, दुसरं लाकूड वापरत असतील, दोरी कशाची करत असतील, तर कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. बाबांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.